चाळिशीनंतरचा डाउन सिंड्रोम: वाढते वय, खचलेले मन की स्मृतिभ्रंश?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

डाउन सिंड्रोमविषयी मराठीत जे लेखन आढळते ते बहुतेक लहान मुलांच्या संदर्भात असते. लवकर निदान, वाचा-उपचार, विशेष शाळा हे सारे त्यात येते. ती मुले पुढे मोठी होतात, त्यांचे केस पिकतात, आणि त्यानंतर घरच्यांनी काय पाहावे, याविषयी मात्र फारसे काही हाती लागत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

माझा धाकटा भाऊ ४७ वर्षांचा आहे. तो आणि आमची आई मिरजेच्या जुन्या घरात राहतात. मी त्याच गल्लीत राहत असल्यामुळे रोजचे जाणे-येणे आहे. वडील २०२१ मध्ये करोनाने गेले. भाऊ लिहायला-वाचायला शिकला नाही, पण घरातली त्याची कामे ठरलेली होती आणि ती तो कोणी न सांगता करत असे. जेवायच्या वेळी ताटे-पाणी घेणे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालून त्या ज्याच्या त्याच्या खणात ठेवणे, आणि दुपारी आईबरोबर बसून फुलवाती वळणे. त्याच्या वाती इतक्या एकसारख्या असत की श्रावणात शेजारच्या बायका त्या मुद्दाम त्याच्याकडून करून घेत.

वर्षभरापासून तो वात वळून झाली की ती पुन्हा उलगडतो आणि कापूस मांडीवर घेऊन नुसता बसून राहतो. कपडे भलत्याच खणात जातात आणि त्याचे त्याला काही वाटत नाही. पूर्वी अशी गफलत आम्ही केली तर तो रागवायचा. न्हाणीघराच्या दाराशी पांढरी फरशी संपून काळी लादी सुरू होते, तिथे तो थबकतो, अंगठ्याने लादी चाचपून पाहतो आणि हात धरल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. रात्री उठून बसतो, दिवसा पेंगतो, आणि हाक मारली तरी पुष्कळदा ओ देत नाही.

एका डॉक्टरांनी “या मुलांचे असेच असते, आता वयही झाले” असे सांगून वाटेला लावले. दुसऱ्यांनी दोन-चार प्रश्न विचारून “अल्झायमर” असे नाव सांगितले आणि रात्रीसाठी झोपेची गोळी लिहून दिली. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. नेमके काय झाले आहे हे ठरवण्याआधी कोणत्या तपासण्या व्हायला हव्यात, आणि आई थकल्यावर त्याच्या कागदपत्रांचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

पांथस्थ

मी मेंदूविकार विभागात काम करतो. प्रत्यक्ष तपासणीची जागा हा प्रतिसाद घेऊ शकत नाही, हे गृहीत धरून वाचावे.

आधी अल्झायमरचा संबंध कुठे येतो ते सांगतो. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड ज्या प्रथिनापासून तयार होते, त्या प्रथिनाचे जनुक नेमके याच गुणसूत्रावर असते. त्यामुळे ते प्रथिन आयुष्यभर जास्त प्रमाणात तयार होत राहते आणि वयाच्या चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अमायलॉइडचे थर आढळतात. लक्षणे मात्र बऱ्याच उशिरा, बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसू लागतात. पुरेसे आयुष्य लाभले तर आयुष्यभरात स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानली जाते. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षे होते, ते आता साठीच्या घरात गेले आहे. म्हणजे ५० वर्षांचा असा रुग्ण पाहण्याची वेळच मागच्या पिढीतील डॉक्टरांवर क्वचित येत असे, आणि “असेच असते” हे उत्तर बहुधा तिथूनच आलेले असते.

तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना आलेली शंका रास्त आहे. पण शंका आल्यावर तपासण्या सुरू व्हायला हव्या होत्या, तिथे त्या थांबल्या. स्मृतिभ्रंशासारखेच दिसणारे आणि उपचारांनी सुधारणारे विकार डाउन सिंड्रोममध्ये फार आढळतात. थायरॉइडची कमतरता सर्वांत आधी पाहावी. तीत माणूस मंदावतो, पेंगतो, बद्धकोष्ठ होते, कामातला रस जातो. प्रौढांसाठी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वयाच्या २१ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी टीएसएच (थायरॉइडचे काम मंदावले की रक्तात वाढणारे संप्रेरक) तपासावे, असे म्हटले आहे. आपल्याकडे शाकाहारी घर असेल तर ब-१२ जीवनसत्त्वही तपासावे. हाकेला ओ न देणे हे आधी कानाचे लक्षण समजा: या व्यक्तींच्या कानाची नळी अरुंद असते, तीत मळ घट्ट बसतो, आणि श्रवणशक्तीही लवकर कमी होते. मोतीबिंदूही लवकर होतो.

न्हाणीघराच्या दाराशी थबकण्याचे वर्णन तुम्ही फार नेमके केले आहे. ते मोतीबिंदूमुळे होऊ शकते, जमीन किती खोल आहे याचा अंदाज न येण्यामुळे होऊ शकते (हे स्मृतिभ्रंशात घडते), आणि मानेच्या मणक्यात मज्जारज्जूवर दाब आल्यानेही होऊ शकते. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असण्याची शक्यता असते. चाल बदलली असेल, पाय ताठ वाटत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला असेल, तर मानेची तपासणी लांबवू नये.

आता त्या गोळीविषयी. निम्म्याहून अधिक प्रौढांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो. मोठे घोरणे, मध्येच श्वास थांबून दचकणे, बसून झोपणे, दिवसा पेंगणे अशी त्याची लक्षणे असतात. असा त्रास असताना दिलेली झोपेची गोळी श्वास आणखी दडपू शकते. ती सुरू झाली असेल तर परस्पर बंद न करता, पण उद्याच, डॉक्टरांशी बोला. सर्दी-खाज यांची काही जुनी औषधे आणि लघवीसाठी दिली जाणारी काही औषधेही गोंधळ वाढवतात. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन जा.

स्पष्टवक्ता_सातारा

भावना समजतात, पण परखडपणे विचारतो. शेवटी या आजारावर औषध नाहीच. मग वृद्ध आईला घेऊन रक्त तपासा, झोप तपासा, मान तपासा असे दारोदार हिंडायचे कशासाठी? उरलेले दिवस त्याला सुखाने घरी बसू द्यावे.

पांथस्थ

थायरॉइडची गोळी ही देशातल्या सर्वांत स्वस्त गोळ्यांपैकी एक आहे, आणि कानातला मळ काढायला फार वेळ लागत नाही. ज्याला ऐकू येत नाही आणि धड दिसत नाही, त्याला “सुखाने घरी बसू द्या” म्हणणे माझ्या मते सुखाची व्याख्या फारच स्वस्त करणे आहे. आणि तपासणीअंती स्मृतिभ्रंशच ठरला, तरी पुढे फिट येणे, गिळताना ठसका लागून न्यूमोनिया होणे, पडणे या गोष्टी आधी माहीत असल्याने बऱ्याच सांभाळता येतात.

सावलीतली_शाळा

मी विशेष शिक्षिका होते. आता प्रौढांच्या कार्यशाळेत काम करते. पांथस्थ यांनी शरीराविषयी सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी मनाविषयी लिहिते.

कृष्णाकाठताई, वडील २०२१ मध्ये गेले असे तुम्ही लिहिले आहे. भावाला ते कोणी आणि कसे सांगितले? मी हे यासाठी विचारते की आमच्याकडे येणाऱ्या एका गृहस्थाला (वय चाळिशीपुढे) वडील वारले तेव्हा मावशीकडे पाठवून दिले होते आणि परत आल्यावर “बाबा गावाला गेलेत” असे सांगितले होते. तो रोज संध्याकाळी कार्यशाळेतून घरी गेल्यावर वडिलांच्या चपला दारात काढून ठेवी. काही महिन्यांनी बोलणे कमी झाले, जेवण कमी झाले, कागदी पिशव्या चिकटवण्याचे काम थांबले, आणि घरच्यांनी बुद्धी आणखी कमी झाल्याचा निष्कर्ष काढला. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान केले. वडिलांचा फोटो दाखवून, ते मेले, आता येणार नाहीत, हे साध्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगावे लागले. औषधही दिले गेले. काम परत सुरू व्हायला बरेच दिवस लागले, पण ते झाले. ज्याला दुःख शब्दांत सांगता येत नाही, त्याचे दुःख वागण्यातून बाहेर येते आणि आपण त्याला हट्टीपणा म्हणून मोकळे होतो.

करोनाच्या काळात तर अनेक घरांत अंत्यदर्शनही झाले नाही. कार्यशाळा बंद, नेहमीचे मित्र दिसेनात, घरातला एक माणूस रुग्णवाहिकेतून गेला तो परतलाच नाही. त्यातून नैराश्य आले असेल तर त्यावर उपचार आहेत. मिरजेत मानसोपचारतज्ज्ञ मिळणे अवघड नाही; सुरुवातीला बोलण्यासाठी १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणखी एक काम ज्यांची मुले आज वीस-तीस वर्षांची आहेत त्या पालकांसाठी. दर वर्षी वाढदिवसाच्या सुमारास मोबाइलवर एक चित्रफीत घेऊन ठेवा: तो अंघोळीची तयारी कशी करतो, चहा कसा गाळतो, जिना कसा उतरतो, घरातल्यांची नावे कशी घेतो. पुढे शंका आली तर डॉक्टरांपुढे याहून मोलाचा पुरावा दुसरा नसतो. आठवणीवर विसंबले तर आई म्हणते “त्याला सगळे येत होते” आणि काका म्हणतात “त्याला कधीच काही येत नव्हते”.

पांथस्थ

सावलीतली_शाळा यांचा शेवटचा मुद्दा वैद्यकीयदृष्ट्या कळीचा आहे. “आज वार कोणता” किंवा “शंभरातून सात वजा करा” असली नेहमीची स्मृतिचाचणी इथे निरुपयोगी ठरते, कारण ज्याला वार कधीच सांगता आला नाही त्याला तो आज आला नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही. तुलना त्याच्याच कालच्या क्षमतेशी करायची असते. त्यासाठी सांभाळणाऱ्यांनी भरायची एनटीजी-ईडीएसडी नावाची प्रश्नावली वापरली जाते; ती निदान करत नाही, पण बदल नोंदवून डॉक्टरांशी बोलणे सोपे करते. वर उल्लेखलेल्या २०२० च्या सूचनांनुसार अशी पाहणी चाळिशीपासून दर वर्षी व्हावी, आणि चाळिशीआधी स्मृतिभ्रंशाचे निदान फार सावधपणे करावे.

डाउन सिंड्रोममध्ये विसरभोळेपणाच्या आधीच स्वभावातला बदल दिसू शकतो. पुढाकार जातो, एखादी गोष्ट क्रमाने करणे जमेनासे होते, चिकाटी जाऊन अडून बसणे वाढते. वात वळून पुन्हा उलगडण्याकडे मी त्या दृष्टीने पाहतो. पण नैराश्य आणि थायरॉइड बाजूला काढल्याशिवाय त्यावर मत देणार नाही.

निळावंती

माझी मुलगी २९ वर्षांची आहे. वर्तमानपत्रांत अल्झायमरवरील नव्या इंजेक्शनांविषयी वाचते. अमायलॉइड काढून टाकणारी ती औषधे आमच्या मुलांना आधीपासूनच देता येणार नाहीत का?

पांथस्थ

सध्या नाही. लेकानेमॅबसारख्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींना घेतलेच नव्हते. या व्यक्तींच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही अमायलॉइड साचण्याचे प्रमाण जास्त असते, आणि या औषधांचा एक ज्ञात धोका मेंदूत सूज व रक्तस्राव हा आहे. त्यामुळे स्वतंत्र चाचण्यांशिवाय ती देणे धोक्याचे ठरेल. जुन्या औषधांपैकी मेमँटिनची चाळिशीपुढच्या डाउन सिंड्रोमच्या व्यक्तींवर झालेली मोठी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत लाभ आढळला नाही. डोनेपेझिल काहींना काही काळ उपयोगी पडते, पण ते हृदयाची गती कमी करू शकते, म्हणून आधी ईसीजी काढावा. ज्या समूहाला हा आजार सर्वांत जास्त होतो, त्याच समूहाला चाचण्यांतून वगळले जावे, याचा राग मलाही येतो.

तुमच्या मुलीच्या वयात करण्यासारखे काम म्हणजे टीएसएच, कान, डोळे, वजन आणि झोप यांची नियमित तपासणी, आणि वर सुचवलेली चित्रफीत.

लेस्टरची_माहेरवाशीण

मी इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या निवासात काळजीवाहक म्हणून काम करते. इथे १४ वर्षांपुढील अशा व्यक्तींना दर वर्षी डॉक्टरांकडून एक सर्वंकष तपासणी करून घेता येते, आणि डाउन सिंड्रोम असेल तर तिशीच्या सुमारास क्षमतांची एक मूळ नोंद करून ठेवण्याची शिफारस आहे. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी सर्वत्र वेळेवर होतात असे नाही, पण मागायला आधार असतो.

घरात करता येण्याजोगे काही सुचवते. ज्याला खोलीचा अंदाज येत नाही त्याला काळी लादी खड्ड्यासारखी दिसते. त्यामुळे त्याला ओढू नये. दोन्ही बाजूंना एकाच फिकट रंगाची, न सरकणारी, कडेने चिकटवलेली चटई टाकून पाहावी. उंबऱ्याशी गडद पायपुसणे नको. पांढऱ्या ताटात पांढरा भात वाढला तर तो दिसत नाही आणि आपल्याला वाटते की भूक गेली. रंगीत ताट घ्यावे. रात्री न्हाणीघरापर्यंत मंद दिवा ठेवावा. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि उत्तरासाठी मनात दहा मोजावेत. वाती वळण्याचे काम बंद करू नका. वात उलगडली तर उलगडू द्या. आईशेजारी कापूस हातात घेऊन बसणे हेच त्याचे दुपारचे वेळापत्रक आहे, आणि वेळापत्रक मोडले की अस्वस्थता वाढते.

निवृत्त_लेखनिक

कागदपत्रांच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, ही गोष्ट बहुतेक घरांत बँकेच्या खिडकीवर कळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि ती पालक नेमू शकते. आई हयात आणि सही करण्याच्या स्थितीत असतानाच अर्ज करावा. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि पुढे दर वर्षी हिशेब सादर करावा लागतो, हे भावंडांना आधीच समजावून सांगावे. नंतर त्यावरूनच घरात कुरबुरी होतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा शक्यतो मर्यादित पालकत्वाची, म्हणजे व्यक्तीची इच्छा विचारात घेऊन ठरावीक बाबींपुरत्या आधाराची, कल्पना मांडतो. तुमच्या भावाला आपली आवडनिवड सांगता येते. त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलताना ती विचारली जावी.

दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी काढले नसेल तर ते प्रथम काढा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय चाचणी द्यावी लागत नाही आणि वयाची अट नाही. वडील सरकारी सेवेत असतील, तर आईनंतर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला नियमांनुसार आजीव कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी भावाचे नाव आईच्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या कागदांत नोंदवून घ्यावे. मागाहून हे काम करणाऱ्यांच्या फाइली मी अनेक वर्षे हाताळल्या आहेत. ती कहाणी सांगत बसत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काही महिन्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्याजोगे काही हाती आल्यावरच लिहावे असे वाटले.

दोन्ही कान मळाने बंद होते. ते साफ झाल्यावर तो कुकरच्या शिट्टीने दचकला आणि हसला. टीएसएच बरेच वाढलेले निघाले, गोळी सुरू झाली; दिवसाची पेंग आणि बद्धकोष्ठ पुष्कळ कमी झाले आहे. ब-१२ ठीक होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भूल देण्याआधी मानेची तपासणी करायला आम्ही सांगितले. ती ठीक आल्यावर उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. झोपेत श्वास अडकतो हेही सिद्ध झाले, पण त्यासाठी दिलेला, हवेचा दाब देणाऱ्या यंत्राचा नाकावरचा मुखवटा तो रात्री काढून फेकतो. सध्या दुपारी थोडा वेळ लावण्याची सवय करत आहोत. झोपेची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाली.

वडिलांविषयी आम्ही त्याच्याशी कधीच स्पष्ट बोललो नव्हतो. आता आई रोज दिवा लावताना फोटोपुढे त्याला सांगते. पहिल्या दिवसांत तो फार रडला, आता नावाने हाक मारून नमस्कार करतो.

वाती मात्र अजून उलगडतो, आणि कपड्यांचे खण त्याला परत सापडलेले नाहीत. सुधारण्यासारखे जे होते ते सुधारल्यावर जे उरले आहे, ते स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीचे असावे, असे पुण्यातील तज्ज्ञांचे मत पडले. आई हे ऐकून शांत होती. मला वेळ लागला.

पांथस्थ यांना एक विचारायचे आहे. गेल्या काही सकाळी उठल्यावर थोड्या वेळात त्याच्या हाताला एकदम झटका बसतो, कपातला चहा उडतो, आणि लगेच तो पूर्ववत होतो. शुद्ध हरपत नाही. हे कशाचे लक्षण आहे?

पांथस्थ

याची चित्रफीत घेऊन याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. डाउन सिंड्रोममधील स्मृतिभ्रंशात असे सकाळचे झटके हा उशिरा सुरू होणाऱ्या अपस्माराचा प्रकार असू शकतो. ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) काढावा लागेल. या प्रकारात फेनिटॉइनने झटके वाढू शकतात, म्हणून साधी फिट समजून ते परस्पर सुरू होऊ देऊ नका. लेव्हेटिरॅसिटॅम सहसा पसंत केले जाते, पण त्याने चिडचिड वाढते का यावर लक्ष ठेवावे लागते. तोवर चहा कोमट आणि अर्धा कप द्या, सकाळी जिन्यावर एकट्याला सोडू नका, आणि पूर्ण फिट येऊन ती पाच मिनिटांत थांबली नाही तर घरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही त्याच भेटीत सांगा.

कृष्णाकाठ

शुक्रवारची वेळ मिळाली आहे. पाणी पिताना ठसका अजून नाही. स्थानिक स्तर समितीकडचा अर्ज आईच्या सहीने दाखल केला. पालक म्हणून माझे आणि माझ्यानंतर माझ्या मुलाचे नाव सुचवले आहे. ईईजीचा अहवाल आला की इथेच लिहीन.